मसुराएवढं चाकलेट

माझ्या नातीनं माझ्या खाण्यापिण्याचा एक तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर लावलाय. ती पुण्याला आहारशास्त्र शिकते, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातला घास कसा काढून घ्यावा याचं शास्त्र. तक्त्यात भात वाटीनं मोजलाय, तेल चमच्यानं, आणि साखरेच्या नावापुढं नुसती फुली. अगदी खाली, मला लाच दिल्यासारखं, लिहिलंय: काळं चॉकलेट, एक लहान तुकडा, जेवण झाल्यावरच. तिला वाटतं ही युक्ती तिच्या कॉलेजात निघाली. जुन्नरच्या आमच्या मोहल्ल्यात, चॉकलेट म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या एका हकिमानं हाच तक्ता माझ्या बहिणीसाठी तोंडी सांगितला होता. त्यात तुकड्याचं मापसुद्धा होतं, मसुराएवढा. त्या मसुरांवर एका उन्हाळ्यात आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

आमचं घर कागद करणाऱ्यांचं. गिरणीचा गुळगुळीत कागद बाजारात येऊन बसला होता, आमच्यासारखी थोडीच घरं उरली होती. तरी जुनी माणसं वह्यांना आमचाच कागद मागायची, कारण आमच्या कागदावर म्हैस उभी केली तरी तो फाटत नसे. मी स्वतः करून पाहिलंय. रेडकू होतं, पण उभं केलं होतं. अंगणाच्या तिन्ही बाजूंना चुन्यानं घोटलेल्या भिंती होत्या, इतक्या गुळगुळीत की पाल चढताना दोनदा घसरायची. हौदातून साच्यावर उचललेला ओला कागद कुंच्यानं त्या भिंतीवर चापून बसवायचा, उन्हात वाळला की कोपऱ्यातून सोलायचा, मग त्याला तांदळाची खळ लावायची आणि पुन्हा भिंतीवर. आमच्या घरात जे जे ओलं, ते ते भिंतीवर जायचं, यापलीकडचं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं. खळीचा तांदूळ आंबेगावच्या डोंगरातून ठकूबाई डोक्यावर घेऊन यायची. त्या साली सगळीकडं टंचाई. एकच पातेलं चुलीवर चढायचं; दाट भाग कागदाला, वरचं पाणी आम्हाला. कागद आमच्यापेक्षा चांगला जेवायचा. अम्माची पेज इतकी पातळ असायची की वाडग्याच्या तळाशी बसलेल्या माशीनं डोळा मिचकावला तर वरून दिसावं.

त्या घराचा आवाज म्हणजे लगदा कुटायच्या लाकडी हातोड्याचा. माणसाच्या दुप्पट लांब, एका टोकावर दोघांनी पाय देऊन दाबायचा, सोडला की दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या दगडात धप्पकन पडायचं. तो आवाज शिवनेरीवर ऐकू जायचा असं मी लोकांना सांगत आलोय. खरं तर नदीपर्यंत जायचा, पण त्यात काय कौतुक. आम्ही भावंडं त्या आवाजात जन्मलो आणि त्यातच झोपायला शिकलो. डोळे मिटून सांगायचो, आता गोणपाट कुटतायत, आता चिंध्या, आता लगदा मऊ झाला, आता थांबवा. (घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मात्र मी सगळ्यांना बाजारातल्या मराठीत बोलायला लावलंय. त्यातलं कुणी तक्रार करायला उरलेलं नाही.)

माझी मोठी बहीण हलिमा. तिला आम्ही बुबू म्हणायचो. तिला घोडेगावला दिली होती, नवरा मुंबईच्या गोदीत. उन्हाळ्याच्या तोंडी ती पाच महिन्यांचं मूल घेऊन माहेरी आली आणि आठ दिवसांत मायलेकरांना मुदतीचा ताप चढला. मूल अकराव्या दिवशी गेलं. बुबू तेव्हा ग्लानीत होती. हकीमसाहेब म्हणाले, हिला कळलं तर ताप डोक्यात जाईल, ताप उतरेपर्यंत कळू देऊ नका. आता बायका रडणार, माणसं जमणार. तो आवाज तिच्या खोलीपर्यंत जाऊ नये म्हणून अब्बांनी मला हातोड्यावर उभं केलं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. "पाय थांबवू नको," एवढंच ते म्हणाले. सकाळपासून दुपारपर्यंत दोघांचं काम मी एकटा करत होतो. उशीएवढं पांढरं गाठोडं हातावर घेऊन माणसं माझ्यासमोरून दाराबाहेर गेली आणि मी कुटत राहिलो. त्या गडबडीत दगडात लगदा टाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ताप एकविसाव्या दिवशी उतरला. बुबूनं डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "त्या दिशी रिकामा दगड का कुटत व्हतास?"

कागद्याची पोर ती. तापाच्या तळातूनसुद्धा तिनं तो आवाज ओळखला होता. मी जन्मात कधी उत्तराला कमी पडलेला माणूस नाही; माझ्या थापांना कंटाळून मोहल्ल्यातले लोक मला बघून रस्ता बदलायचे. त्या दिवशी मला एक थाप सुचली नाही. तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं, मग भिंतीकडं तोंड फिरवलं आणि ओठ मिटून घेतले.

ते ओठ पुढं कुणाला उघडता येईनात. पेज नको, मुगाचं पाणी नको, डाळिंबाचा दाणा नको. रडणंही नाही. अम्मा बोटानं ओठ उघडून चमचा आत घालायची, पेज गालावरून उशीत उतरायची. उशी जेवत होती, बुबू वाळत होती. तिचा हात धरला तर माझी दोन बोटं तिच्या मनगटाभोवती फिरून वर आणखी एका बोटाची जागा उरायची. हे मात्र मी फुगवून सांगत नाही. हकीमसाहेबांनी नाडी बघितली, अंगणात आले, आणि भिंतीवर वाळणाऱ्या कागदांकडं बघत अब्बांना म्हणाले, "ताप गेला. आता रोग न्हाई ऱ्हायला. आता पोटात चार घास गेले तर पोर जगंल. चार-पाच दिसांत गेले न्हाईत, तर मग मला बोलवू नका."

अब्बा "बरं" म्हणाले आणि साचा घेऊन हौदात उतरले. त्या दिवशी त्यांनी उचललेला प्रत्येक कागद एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ निघाला.

अशात मामू आले. अम्माचे धाकटे भाऊ. मोठ्या लढाईत बसऱ्याला पलटणीची खेचरं हाकायला गेले होते. जाताना किडकिडीत होते, येताना त्याहून किडकिडीत, फक्त मिश्या वाढल्या होत्या. दोन्ही बाजूंना इतक्या की दारातून आडवं होऊन आत यावं लागलं. झोळीतून त्यांनी एक पत्र्याची डबी काढली. आत चंदेरी कागदात आठ वड्या, काळपट, कडक, वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटेसारख्या.

"ह्याला चाकलेट म्हनत्यात," मामू म्हणाले. "साहेब लोक खात्यात. एकदा आमचं एक खेचर रेतीत बसलं ते उठंना. साहेबानं ह्याचा तुकडा त्याच्या जिभंवर ठेवला. खेचर उठून हुबं ऱ्हायलं, आन् साहेबाच्या मागं मागं हिंडाय लागलं."

माझा थापांचा वारसा कुठून आला हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल.

"माझी पोर काय खेचर हाय का?" अम्मा म्हणाली. "आन् त्यात काय काय घालत्यात कुणाला ठावं. आपल्याला चालतं का ते?"

"कसलं तरी बी असतं, आपा. भाजत्यात, कुटत्यात, साखर घालत्यात."

"कुटत्यात?" अब्बांनी विचारलं.

"लई कुटत्यात. दोन-दोन दिस."

अब्बांनी मान हलवली. दोन दिवस कुटलेल्या वस्तूत खोट असू शकते, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. मामूंनी नखाएवढा तुकडा मोडला, बोटाच्या उबेनं मऊ केला आणि बुबूच्या ओठांवर फिरवला. आम्ही सगळे उभे. काही वेळ काहीच झालं नाही. मग ओठांच्या फटीतून जिभेचं टोक आलं, एकदा फिरलं, आत गेलं. पुन्हा आलं.

"हाय अजून?" बुबू म्हणाली.

अम्मा तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली.

पण आजारातून उठलेल्या पोटात नवी वस्तू घालायची तर आधी तिची प्रकृती कळायला हवी, गरम की थंड. आमच्याकडं हे ठरल्याशिवाय आजाऱ्याला कुणी पाणीसुद्धा देत नसे. हकीमसाहेबांना बोलावलं. त्यांनी अर्धी वडी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून बसले. बराच वेळ बसले.

"गरम हाय," ते म्हणाले. मग उरलेली अर्धी तोंडात टाकली. "पण आतून थंड."

"मग नक्की काय?" अम्मानं विचारलं.

"अजून एक बघावी लागंल."

अम्मानं डबीचं झाकण लावलं. "राहू द्या. दोन्ही हाय म्हणून धरा."

हकीमसाहेबांनी दाढी पुसली आणि तक्ता सांगितला. आजही तो मला तोंडपाठ आहे. रिकाम्या पोटी चाकलेट द्यायचं नाही, आतड्यांची साल निघेल. आधी पेज, ती पोटात गेली की मगच चाकलेट, मसुराएवढं. दिवसातून दोन वेळा. पहिले तीन दिवस चार चमचे पेज, मग अर्धं वाडगं, मग वाडगंभर. आठ दिवसांनी मुगाचं पाणी, पंधरा दिवसांनी नाचणीची आंबील. "पेज वाढवायची, चाकलेट वाढवायचं न्हाई," ते बोट नाचवून म्हणाले. "चाकलेटनं ती जगणार न्हाई. पेजंनं जगंल. चाकलेट नुस्तं दार उघडायला."

मसूर कापायचं काम माझ्याकडं आलं, कारण कागद कापायच्या सुरीवर घरात माझ्याइतका कुणाचा हात बसला नव्हता. समोर खरा मसूर ठेवून त्याच्या मापानं मी तुकडा काढायचो. खोटं का सांगू, भुकेनं डोळ्यापुढं काजवे चमकायचे आणि त्या वासानं तोंडाला पाझर फुटायचा. तरी मी एकही मसूर खाल्ला नाही. सुरी चाटली. सुरी चाटणं म्हणजे खाणं नव्हे, असं माझं आजही मत आहे.

"ह्यो मसूर हाय व्हय?" बुबू तुकड्याकडं बघून म्हणायची. "मुंगीचं डोकं हाय हे."

"हकीमसायबाचा मसूर असाच असतो. पेज संपीव आधी."

"लई चोंबडा झालायस."

तिनं मला चोंबडा म्हटलं त्या दिवशी मी आनंदानं मोहल्लाभर फिरलो. असे दहा-बारा दिवस गेले. पेज चार चमच्यांवरून अर्ध्या वाडग्यावर आली. पण मसूर दाखवल्याशिवाय तिचं तोंड उघडायचं नाही. एकदा अम्मानं विसरून नुसती पेज पुढं केली तर ती पुन्हा भिंतीकडं वळली. रात्रंदिवस मी डोक्यात वड्या आणि दिवस जुळवायचो.

डबी आम्ही रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवत होतो. एक दिवस अम्माला वाळूजवळ उंदराची लेंडी दिसली आणि तिनं कुणाला न सांगता डबी उचलून माळ्यावर, कौलांच्या खाली ठेवली. वैशाखातली जुन्नरची कौलं. त्यांच्यावर मी भाकरी भाजल्याचं सांगतो तेव्हा नात हसते, पण निदान पापड तरी भाजला असताच. दुपारी मी डबी शोधून काढली, उघडली, तर आत वड्या नव्हत्या. काळा चिखल होता. उरलेलं सगळं चाकलेट, पुढच्या कितीतरी दिवसांचं, एक झालेलं आणि डबीत हेलकावे खात.

घरी कुणी नव्हतं. अब्बा आणि मामू नदीवर लगदा धुवायला गेले होते, अम्मा पाण्याला. आज वाटतं, डबी नुसती परत ओल्या वाळूत ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत सगळं घट्ट झालं असतं. कुठल्याही वाण्याच्या पोराला हे सुचलं असतं. पण मी कागद्याचा. समोर ओली वस्तू, ती वाळवायची कशी हे मला जन्मापासून माहीत. मी कुंचा घेतला, अंगणात गेलो, भिंतीची एक मोकळी जागा ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि डबीतलं चाकलेट भिंतीवर ओतून चारी बाजूंना पसरवलं. कडा सरळ केल्या. एकसारखी जाडी, एक बुडबुडा नाही. इतका सुबक कागद मी त्यानंतर आयुष्यात घातला नाही. वाळला की कोपऱ्यातून सोलायचा आणि मसूर पाडायचे, असा बेत. मी लांब उभा राहून बघत होतो, अब्बा परत आल्यावर शाबासकी देतील म्हणून.

मग ऊन त्या भिंतीवर आलं. वरची कड हलली. सगळा कागद एखाद्या दमलेल्या माणसासारखा भिंतीवरून खाली सरकायला लागला. मी दोन्ही हातांनी वर ढकलत होतो, तो बोटांमधून खाली येत होता. अर्धा चुन्यानं पिऊन टाकला, अर्धा जमिनीवर मातीत गेला, आणि तिथं जुन्नर तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या आधीच हजर होत्या. मी नखांनी भिंत खरवडली. चुना, मुंग्या आणि काळं अशी एक चिमूट जमली. ती वाडग्यात टाकून मी तिथंच बसलो. अम्मा आली. तिनं भिंत बघितली, माझे हात बघितले. घागर खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

मला वाटलं मारेल. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मग आता संध्याकाळी तिला काय दाखवायचं?"

संध्याकाळी बुबूनं वाडग्याकडं बघितलं, माझ्या रिकाम्या मुठीकडं बघितलं. मी सगळं खरं सांगितलं. भिंतीकडं वळली. त्या दिवशी पेज उशीनंही खाल्ली नाही, मीच सांडली. दुसरा दिवस तसाच गेला.

काम थांबवता येत नव्हतं, लगदा हौदात कुजला असता. अब्बांनी त्याच भिंतीवर, त्या डागावरच, ओले कागद चढवले. दुसऱ्या दिवशी सोलले तेव्हा एका कागदावर चाकलेटचा भला मोठा तपकिरी डाग उतरला होता. अब्बांचा नेम असा की कागदावर केसाएवढा डाग दिसला तरी तो परत लगद्यात. बोटाच्या टोकाएवढ्या डागापायी त्यांनी मला एकदा जेवू दिलं नव्हतं. तो कागद त्यांनी उचलला, लगद्याकडं निघाले, मधेच थांबले आणि नाकाला लावला. मग कधी नव्हे ते पायातल्या चिखलासकट घरात गेले. मी मागोमाग.

"हलिमा," ते म्हणाले, "ह्ये हुंगून बघ."

एवढा मोठा माणूस, अख्ख्या मोहल्ल्यानं ज्याच्या कागदाची शपथ घ्यावी, तो आपला बिघडलेला कागद दोन्ही हातांत धरून पोरीच्या खाटेशी वाकून उभा होता. बुबूनं हुंगलं. खूप वेळ हुंगलं. अम्मानं तेवढ्यात चमचा पुढं केला आणि तो आत गेला.

त्यानंतर हाच तक्ता चालला. आधी पेज, मग कागद. पेजेचं अर्धं वाडगं झालं की मी कागद तिच्या नाकाशी धरायचो, ती डोळे मिटून श्वास घ्यायची, मग उरलेलं अर्धं. मामू म्हणायचे, "एवढा जोरात हुंगू नको, डाग नाकात जाईल." वास उडू नये म्हणून मी तो कागद केळीच्या पानात गुंडाळून वाळूत ठेवायचो. दिवसातून दहा वेळा जाऊन राखण करायचो, पण स्वतः हुंगायचो नाही; वाटायचं, माझ्या एका श्वासानं तिचा एक घास कमी होईल. चार दिवस गेले, सहा गेले. वाडगं भरायला लागलं. हकीमसाहेब मुगाच्या पाण्यावर आले. ठकूबाईनं डोंगरातून नाचणी आणून ठेवली, आणि आंबील करायचा दिवस उद्यावर आला.

त्या सकाळी मी वाडगं घेऊन तिच्या उंबऱ्याशी आलो. कागदाची घडी उलगडताना तो चुकून माझ्याच नाकाजवळ आला. खळीचा वास होता, चुन्याचा होता, केळीच्या पानाचा होता. चाकलेटचा नव्हता. मी नाक घासून घासून बघितलं. डाग तसाच तपकिरी, आणि वास मेलेला. मी उंबऱ्यावर बसलो. एवढं वर आलेलं माणूस आता पुन्हा भिंतीकडं वळणार, आणि ती भिंत मी माझ्या हातानं पुन्हा पुढं आणून ठेवणार.

"कोन हाय त्ये?" आतून बुबू म्हणाली. "उंबऱ्यात काय बसलायस? आत ये की."

मी आत गेलो. वाडगं खाली ठेवलं. "बुबू, कागदाचा वास गेला."

"कवाच गेलाय."

"कवा?"

"अब्बांनी आनला त्याच्या दुसऱ्याच दिशी."

"मग तू रोज डोळे मिटून..."

"तू त्यो धरून हुबा ऱ्हायचास," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं."

तिनं खाटेच्या कडेला हात टेकला. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा ती उठून बसली. वाडगं मी उचलायच्या आत तिनं स्वतः दोन्ही हातांनी उचललं, ओठाला लावलं आणि एक घोट घेतला. कपाळाला आठी घातली.

"अळणी हाय," ती म्हणाली. "अम्माकडनं चिमूटभर मीठ घेऊन ये."